रविवारचा बारावा अ‍ॅव्होकाडो

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात चौदा वर्षं काढलेला माणूस म्हणून मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकतो. इथल्या मंडईत अ‍ॅव्होकाडो आणायला जाताना पिशवी विसरली तरी चालते, स्वतःचं वेळापत्रक विसरून चालत नाही. विकणारी बाई भाव सांगायच्या आधी विचारते, "कधी खायचा?" आज, उद्या की परवा, ते आपण सांगायचं. मग ती दहा-वीस फळं चाचपणार आणि त्या दिवसाचं फळ काढून आपल्या हातात ठेवणार. आमच्याकडे पुण्यात आंबेवाले "उद्या खा" असं सांगून टाकतात आणि उद्या ते आंबे आपण फेकून देतो. इथे तसलं काही नाही.

सगळ्याच अ‍ॅव्होकाडोवाल्या हा प्रश्न विचारतात. पण आमच्या दोन्या एलोईसाबाईंची (दोन्या म्हणजे मानाने म्हणायचं 'बाईसाहेब') गोष्ट वेगळी. बाई सत्तरीपुढच्या, डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधी पडदा, अंगावर बारमाही काळी शाल. त्या फळाकडे बघतच नाहीत. अंगठा फळाच्या देठापाशी टेकवायचा आणि बघायचं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. बोटं फळावर, डोळे माझ्यावर. चौदा वर्षांत मला याची सवय झाली असं मी लोकांना सांगतो, पण दर वेळी माझी मान थोडी आखडते.

मी ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. केसाच्या जाडीएवढा फरक दिसला तरी ट्रकभर माल परत पाठवणारा माणूस आहे मी. त्यामुळे सुरुवातीला मी बाईंची परीक्षा घेतली. गुरुवारचा म्हणून घेतलेला अ‍ॅव्होकाडो बुधवारी कापला, सुरी अडकली. दुसरा शुक्रवारी कापला, आत काळं. तिसरा गुरुवारी कापला, लोणी! एकदा तर मी "मंगळवारी खायचा" म्हटलं आणि बाईंनी खुशाल गुरुवारचा दिला. मी वाद घातला, तर म्हणाल्या, "मंगळवारी तू घरी नसशील, गोऱ्या." (इथल्या मंडईत सगळ्या गिऱ्हाइकांना गोऱ्या म्हणायची पद्धत आहे. माझ्या रंगाच्या माणसाला ते ऐकताना पहिली दोन वर्षं फार बरं वाटायचं.) सोमवारी सकाळी कारखान्याने मला अचानक मॉन्तेर्रेला पिटाळलं. गुरुवारी दुपारी परत आलो, तर टेबलावर तो अ‍ॅव्होकाडो जेवायला तयार होऊन बसलेला. मी याला योगायोग म्हणतो. माझी बायको ललिता काहीच म्हणत नाही, तिला कोशिंबीर चांगली झाल्याशी मतलब.

तर मार्च महिन्यातल्या एका रविवारी मला साठ वर्षं पूर्ण होणार होती. गावाकडे असतो तर शांत करावी लागली असती. इथे भटजी कुठून आणायचा? म्हणून ललिताने दुपारी अडीचला बारा माणसांचं जेवण ठरवलं, आम्ही दोघं धरून बारा. मेनूत मुख्य आकर्षण म्हणजे तिची मोहरीच्या फोडणीची अ‍ॅव्होकाडोची कोशिंबीर. आमच्या इमारतीत तिच्यासाठी माणसं भांडणं मिटवून एकत्र जेवायला बसतात.

गुरुवारी सकाळी मी मंडईत गेलो. गुलाबी ताडपत्र्यांखालून उजेड येतो म्हणून तिथे सगळ्यांचेच चेहरे निरोगी दिसतात. एलोईसाबाई आपल्या लाकडी खोक्यावर बसल्या होत्या.

"काय देऊ, गोऱ्या? कधी खायचा?"

"रविवारी. दुपारी अडीच. बारा माणसं आहेत, माणशी एक."

बाईंनी फळं चाचपायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दर फळागणिक त्या माझ्याकडे बघत होत्या. अकरावं पिशवीत टाकलं आणि त्यांनी हात शालीत ओढून घेतला.

"एक राहिला," मी म्हणालो.

"राहिला नाही."

"अहो, बारा माणसं आहेत. हे अकरा झाले."

"अकरा जण खातील. रविवारी तू खाणार नाहीस."

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. या मंडईत बांधलेल्या गिऱ्हाइकाला वरती एक फुकट टाकायची रीत आहे. पावशेर मिरच्या घेतल्या तरी वर चार मिरच्या येतातच. चौदा वर्षांत एलोईसाबाईंनी मला वर एक दिला नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी वरचा तर नाहीच, मूळचाही एक कमी. मी विचारलं, "म्हणजे काय, मी का खाणार नाही?" पण बाई माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या. "काय देऊ, गोरे? कधी खायचा?"

मी स्वाभिमानी माणूस आहे. शेजारी फेलिपाचं दुकान होतं, तिथे गेलो आणि म्हणालो, "एक दे. रविवारचा." फेलिपाने आधी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग एलोईसाबाईंकडे. तिने उचललेलं फळ हळूच परत ठेवलं.

"तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक. त्यांनी दिला नाही, तो मी कसा देऊ?"

"का नाही द्यायचा?"

"माझी मुलंबाळं आहेत हो," ती म्हणाली आणि तिने कांदे निवडायला घेतले.

मग मी सुपरमार्केटमध्ये गेलो. तिथे कुणी काही विचारत नाही, हा मला तोवर फायदा वाटत होता. एक कडक अ‍ॅव्होकाडो घेतला, घरी येऊन तांदळाच्या डब्यात खोल पुरला. शुक्रवारी सकाळी बघितलं तर बाहेरून तस्साच टणक. कापला तर आत ओली काळी राख, आणि बी नाही. बीच नाही! असा अ‍ॅव्होकाडो मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"कसला माल आणता हो पारखून?" ललिता म्हणाली. "आणि तोंड का उतरलंय? अकरामध्ये बारा वाट्या सहज भरतील. तुम्हाला तशीही कोशिंबीर थोडी कमीच बरी."

तिला मी बाईंचं बोलणं सांगितलं नव्हतं. साठीचा माणूस मंडईतल्या बाईच्या बोलण्याला घाबरला, असं बायकोला सांगायचं म्हणजे उरलेलं आयुष्य टोमण्यांत घालवायचं. उरलेलं आयुष्य हे शब्द मनात आले आणि मी हातातली सुरी उगाच दोनदा धुतली. खरं सांगतो, मला मरायचं नव्हतं. साठाव्या वाढदिवशी तर अजिबात नाही, आणि जेवणाच्या आधी तर मुळीच नाही.

शुक्रवारी मी खालच्या मजल्यावरच्या दोन रामिरोंना गाठलं. (माणूस एकच, 'दोन' म्हणजे इथला 'राव'.) हे गृहस्थ चाळीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते आणि निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशात शिक्का बाळगतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "एलोईसा म्हणाली? मग इंजिनिअर, कागद नीट आहेत का?"

"कसले कागद?"

"परदेशी माणसाने इथे मरायला कुणाची हरकत नसते. पण कागद नसतील तर बायकोचे फार हाल होतात. तुमच्या मागे कुणाला कळवायचं, त्याचा अर्ज असतो. आजच भरा. शनिवार-रविवार कचेरी बंद."

माणूस धीर देण्याऐवजी कचेरीच्या वेळा सांगतो तेव्हा काय वाटतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण गेलो. त्यांनी सांगितलेल्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण बाई होती. तिने अर्ज बघितला. विजेचं बिल मागितलं, ते घरमालकाच्या नावावर. जन्माचा दाखला मागितला, तो मराठीत. मी कोल्हापूर नगरपालिकेचा शिक्का दाखवला, तर तिने कागद उलटा धरून कौतुकाने बघितला आणि परत दिला. मग म्हणाली, "दुसरं आडनाव?"

"दुसरं नाही. एकच आहे. सरनाईक."

"आईकडचं?"

"आमच्यात आईकडचं लावत नाहीत."

"मग त्या रकान्यात फुली येईल." आणि तिने माझ्या नावापुढे ठळक फुली मारली. काळ्या शाईची. इथली ती रीतच आहे, दुसरं आडनाव नसलेल्या सगळ्यांना फुली मिळते, आणि गेली चौदा वर्षं माझ्या प्रत्येक कागदावर ती आहे. पण त्या दिवशी ती फुली माझ्याकडे बघत होती.

"सोमवारी या," ती म्हणाली. "अर्जदाराने स्वतः हजर राहणं आवश्यक आहे."

"सोमवारी मी हजर राहू शकेन की नाही, याबद्दल थोडी शंका आहे."

"मग मंगळवारी."

शनिवारी बातमी समोरच्या मातिल्दे वहिनींपर्यंत पोचली. वहिनी आपलं माझं म्हणणं, ललिताची त्यांच्याशी तशी मैत्री आहे. त्या एक अंडं घेऊनच आल्या. ललिता बाजारातून यायच्या आत मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, इथल्या दृष्ट काढायच्या रीतीप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत ते गार अंडं फिरवलं, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या आणि पाण्याच्या पेल्यात फोडलं. मी म्हणालो, "वहिनी, मी इंजिनिअर आहे. या असल्या गोष्टींवर..." तोवर वहिनींनी पेल्यात बघितलं आणि त्यावर बशी झाकली.

"काय दिसलं?"

"काही नाही. अलीकडे फार संतापलात का कुणावर? किंवा दचकलात?"

"नाही. गुरुवारपासून थोडी काळजी आहे एवढंच."

"काळजी वेगळी. दचकणं वेगळं." त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या. "मग ते अजून यायचंय. एलोईसा बरोबर बोलली. इंजिनिअर, दचकलेल्या माणसाने अ‍ॅव्होकाडो खायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक नाही? चौदा वर्षं झाली ना इथे येऊन? माझ्या आईच्या गावात एकाच्या अंगावर बैल आला. बैलाने नुसतं हुंगलं आणि निघून गेला. हा हसत हसत घरी आला, अर्धा अ‍ॅव्होकाडो खाल्ला. संध्याकाळी गेला."

"बैल?"

"माणूस!"

म्हणजे कोडं उलगडलं. रविवारी अडीचच्या आधी मला कसला तरी जबरदस्त धक्का बसणार होता. इतका, की त्यावर अ‍ॅव्होकाडो खाल्ला तर मी जाणार. वहिनींनी एप्रनच्या खिशातून एक कडक पाव काढला. दचकलं की लगेच कोरडा पाव खायचा, तो आतली भीती शोषून घेतो, हे इथलं लहान मूलही सांगेल. "हा खिशात ठेवा. अंघोळीलासुद्धा जवळ ठेवा," त्या म्हणाल्या. पेला त्यांनी जाताना बशीसकट नेला. त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

रविवार उजाडला. मी नवा सदरा घातला आणि त्याच्या खिशात पाव. ललिताने औक्षण केलं तेव्हा खिसा बघून म्हणाली, "हे काय? उपाशी ठेवते का मी तुम्हाला?" मी सकाळीच गॅसची नळी तपासली, फोन बंद केला, पंख्याखालची खुर्ची हलवली, फुगे लावू दिले नाहीत. स्टुलावर चढलो नाही. आरशात बघितलं नाही. बाल्कनीत कबूतर बसलं होतं, त्याला लांबूनच जा म्हणून खूण केली. एवढं निर्धोक आयुष्य मी साठ वर्षांत जगलो नव्हतो.

दोन वाजता माणसं जमली. दोन रामिरो बायकोला घेऊन आले, त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मातिल्दे वहिनी माझ्याकडे टक लावून बसल्या. कारखान्यातली मंडळी आली, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ती हसत होती. त्यांच्या हसण्याने मी दोनदा दचकलो, पण ते किरकोळ धरलं.

ललिताने त्याच सकाळी अकरा अ‍ॅव्होकाडो कापले. अकराच्या अकरा लोणी. तिने सांगितल्याप्रमाणे अकरांच्या बारा वाट्या भरल्या. पोपटी रंगावर मोहरी, कढीपत्ता, वरून लिंबू. सव्वादोन झाले. वीस झाले. पंचवीस झाले. काही झालं नाही. कबूतरही उडून गेलं. माझ्या अंगात हळूहळू ऊब यायला लागली. अडीचला एक मिनिट कमी असताना मी मोठ्याने हसलो आणि म्हणालो, "करा सुरुवात!" वाटी उचलली. चमचा भरला. क्वालिटी कंट्रोलचं सगळं आयुष्य त्या चमच्यात होतं. एलोईसाबाईंचा माल मी परत पाठवणार होतो.

दारावरची घंटा वाजली.

आता बाराच्या बारा माणसं टेबलाशी होती. मी दाराच्या सगळ्यात जवळ होतो. चमचा हातात तसाच ठेवून मी दार उघडलं.

दारात एलोईसाबाई उभ्या होत्या. काळी शाल, दुधी डोळे, ओंजळीत एक अ‍ॅव्होकाडो. या बाईंना मी मंडईच्या बाहेर कधी पाहिलं नव्हतं. किंबहुना त्यांना पाय आहेत हेही मी कधी पाहिलं नव्हतं, त्या कायम खोक्यावर बसलेल्या. जिन्यात त्यांच्या मागे भर दुपारी अंधार होता.

"अजून खाल्लं नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

मी किंचाळलो. मला सांगायला लाज वाटते, पण साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे त्या दिवशी मला कळलं. चमचा उडून दोन रामिरोंच्या शर्टावर, शिक्क्याच्या बरोबर वर पडला. खुर्च्या सरकल्या. मातिल्दे वहिनी ओरडल्या, "अ‍ॅव्होकाडो बाजूला करा! त्याच्यासमोरून वाटी उचला!" आणि त्यांनी माझ्या खिशातला पाव काढून माझ्या तोंडात कोंबला. दोन रामिरोंनी पाठ चोळली. ललिता म्हणत होती, "अहो, काय झालं काय? मंडईतल्या बाई तर आहेत! या हो, या ना आत." तिच्या चेहऱ्यावर आश्चर्यापेक्षा पाहुणा वाढल्याची काळजी होती.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कोरडा पाव चावत होतो. एलोईसाबाई माझ्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "गुरुवारी एक कमी दिला. मोजताना मला वाटलं अकरा खातील. नंतर ध्यानात आलं, बारा खातील. म्हणून आणला."

त्यांनी हातातला अ‍ॅव्होकाडो टेबलावर ठेवला, ललिताने कापून तो वाढला. तो तेव्हाच्या तेव्हा, त्या मिनिटाला पिकलेला होता. बाईंनी माझी वाटीही जवळ ओढली आणि दोन्ही सावकाश संपवल्या. बाराजण खाऊन उठले. माझ्या साठीच्या जेवणात मला पाव मिळाला. बाई हात पुसून उठल्या, माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "फोडणी छान होती. तुला खाऊ देता आली नाही," आणि जिना उतरून गेल्या. पावलांचा आवाज मला तरी आला नाही, पण मी पाव चावत होतो आणि तो फार कडक होता.

मंगळवारी मी कचेरीत न जाता मंडईत गेलो. आधी फेलिपाकडे थांबलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रविवारी एलोईसाबाई दुपारी दुकानावरून लवकर उठल्या वाटतं?"

"कुठे? संध्याकाळी पाचपर्यंत इथेच होत्या. ताडपत्री आम्ही दोघींनी मिळून सोडली," फेलिपा म्हणाली. "का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. खिशात हात घातला तर परवाच्या पावाचा चुरा होता. थोडा खाल्ला.

मग एलोईसाबाईंच्या समोर उभा राहिलो. त्यांना विचारलं, रविवारी तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात ना? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चांगला निघाला का?" एवढंच त्या म्हणाल्या. "काय देऊ, गोऱ्या? कधी खायचा?"

मी ठरवूनच गेलो होतो. माल तपासायचा तर टोकाला नेऊन तपासावा. म्हणालो, "माझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळांना हातही लावला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, आणि अंगठा, तोच अंगठा, मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून दाबला. डोळे माझ्या तोंडावर. ताडपत्रीखाली सगळीकडे तो गुलाबी उजेड होता आणि मला आजूबाजूची एकही हाक ऐकू येत नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी मनगट सोडलं, खोक्याखालून अ‍ॅव्होकाडोची एक मोठी बी काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

"हे वरचं. गुरुवारी राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कुंडीत लाव. आठ वर्षांनी फळ धरेल."

आठ वर्षं! मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. खरंच, इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. मी पुडी छातीशी धरली.

"पहिलं फळ तुझी बायको खाईल," एलोईसाबाई म्हणाल्या.

"आणि मी?"

पण त्या माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या. "काय देऊ, गोरे? कधी खायचा?"

बी मी बाल्कनीत लावली. ललिताला अर्धीच गोष्ट सांगितली, आठ वर्षांनी घरचे अ‍ॅव्होकाडो मिळतील, एवढी. तिला फार आनंद झाला. रोप आता वीतभर झालंय, चार पानं फुटलीयत. ती रोज सकाळी त्याला पाणी घालते, आठवड्याला ताकाचं पाणी देते, ऊन मिळावं म्हणून कुंडी कठड्याजवळ नेऊन ठेवते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "बघा, किती झपाट्याने वाढतंय!"

ती आत गेली की मी कुंडी हळूच सावलीत सरकवतो.